मिर्झा ते रामशास्त्री : गजानन जागीरदारांची अभिनयसाधना

चित्रपट पाहून घरी परतणारा प्रेक्षक बहुधा नायक-नायिकेची नावे घेत येतो. ज्या वृद्ध पित्यामुळे, न्यायाधीशामुळे वा भाबड्या खेडुतामुळे ती कथा खरी वाटली, त्या नटाचे नाव मात्र पुष्कळदा त्याला आठवतही नाही. अशा भूमिका करणारा तो चरित्र अभिनेता होय. रूप आणि तारुण्य हे नायकाचे भांडवल. चरित्र अभिनेत्याचे भांडवल म्हणजे माणसांची पारख. हे भांडवल किती मोलाचे असते, ते गजानन जागीरदार यांच्या कारकीर्दीवरून ध्यानी येते.

जागीरदारांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी अमरावती येथे झाला. नट, दिग्दर्शक आणि शिक्षक अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी चित्रपटसृष्टीची सेवा केली. त्यांची चिरस्मरणीय भूमिका मात्र 'प्रभात'च्या १९४१ सालच्या 'शेजारी' या चित्रपटातील. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एका खेड्यातील दोन वृद्ध शेजारी; बुद्धिबळाच्या पटाशी रमणारे जिवलग मित्र. धरण बांधू पाहणारा एक धनिक स्वार्थापायी त्यांच्यात वितुष्ट पाडतो. अखेरीस धरण फुटते, तेव्हा एकमेकांचा हात धरूनच ते दोघे मृत्यूला सामोरे जातात.

मराठी चित्रपटात पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले जागीरदार. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीतही मिर्झा जागीरदारच होते. हिंदू ठाकुराची भूमिका मात्र मझहर खान यांनी केली. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू! पाकिस्तानच्या मागणीला आधारभूत ठरलेला लाहोरचा ठराव आदल्याच वर्षी, १९४० साली, संमत झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेचे मोल कळते.

त्या वेळी जागीरदारांनी वयाची पस्तिशीही गाठलेली नव्हती. दाढी लावून आणि पाठ वाकवून म्हातारपणाचा आभास निर्माण करता येतो. परंतु जुना मित्र दुरावल्याचे दुःख रंगपेटीत मिळत नाही. जागीरदारांचा मिर्झा परधर्मी म्हणून वेगळा काढलेला, हसण्यासाठी उभा केलेला पुरुष नव्हता. तो कोणाच्याही आळीत भेटावा असा मानी, हळवा गृहस्थ होता.

पुढे १९४४ साली 'रामशास्त्री' हा चित्रपट आला. त्याच्या दिग्दर्शनात जागीरदारांचा वाटा होता आणि रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिकाही त्यांचीच होती. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला. त्याबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा हा न्यायाधीश. मित्रासाठी व्याकूळ होणारा मिर्झा आणि सत्तेपुढे न वाकणारा शास्त्री यांत वेषाचे, धर्माचे, काळाचे अंतर आहे. परंतु मनाचा सच्चेपणा दोघांत एकच. जागीरदारांना नेमका तोच गवसला होता.

शासनाने १९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली, ती 'प्रभात'च्याच आवारात. जेथे मिर्झा साकार झाला, तेथेच जागीरदार या संस्थेचे पहिले प्राचार्य झाले. तरीही लहान भूमिकेचा त्यांनी कमीपणा मानला नाही. १९६५ सालच्या 'गाइड'मध्ये, एका भटक्या माणसाला साधू मानून त्याच्यापुढे नतमस्तक होणारा भोला त्यांनी रंगविला. तो साधू खरा वाटतो, तो भोलाच्या श्रद्धेमुळे. नायकाला असा आधार देऊन स्वतः मागे राहणे, हेच चरित्र अभिनेत्याचे व्रत.

१९८८ साली जागीरदार निवर्तले. ज्याच्या घरची प्रार्थना निराळी, त्याचेही सुखदुःख आपल्यासारखेच असते, हे प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येते. जागीरदारांनी ते मिर्झाच्या रूपाने डोळ्यांसमोर उभे केले. नटाचे खरे कसब आपला चेहरा लपविण्यात नसून शेजाऱ्याचे मन ओळखण्यात असते.