खाडी हाही एक रस्ताच

अर्थशास्त्राच्या वर्गात सर्वांत स्वस्त वाहतूक कोणती असे विचारले, तर ‘जलवाहतूक’ हे उत्तर विद्यार्थी एका सुरात देतात. पाठ्यपुस्तकात तसे छापलेलेच असते. त्यावर “आज तुमच्यापैकी किती जण होडीने महाविद्यालयात आले?” असा दुसरा प्रश्न मी विचारतो, तेव्हा वर्ग हसतो. क्वचित एखादा विद्यार्थी आपल्या आजोबांची होडी होती असे सांगतो. विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली आणि तेरेखोल अशा एकामागून एक खाड्या ज्या जिल्ह्याला लाभल्या, त्या जिल्ह्यातील तरुणांना होडीचा प्रवास ही हसण्याची गोष्ट वाटावी, यावर थोडा विचार व्हावयास हवा.

आपल्या पूर्वजांना या खाड्यांचे मोल ठाऊक होते. भरतीच्या पाण्याबरोबर आत जायचे आणि ओहोटीबरोबर बाहेर यायचे, असा हा प्रवास होता. त्याला इंधन लागत नव्हते. लागत होते ते पाण्याचे ज्ञान आणि धीर. विजयदुर्गच्या मुखापासून कितीतरी आत वसलेले खारेपाटण हे एके काळचे भरभराटीचे बंदर. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मधील शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट याच गावी सापडला. आज मुंबई-गोवा महामार्गावरून खारेपाटण ओलांडणाऱ्या प्रवाशाला, आपण एका जुन्या बंदरातून जात आहोत, याची कल्पनाही येत नाही.

पुढे रस्ते झाले, पूल झाले आणि तरी बंद पडल्या. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या रात्री अडलेल्या बाळंतिणीला तरीवर ताटकळावे लागत असे, ते दिवस पुन्हा यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या बदलात एक गोष्ट नकळत घडली. होडी जात होती तोवर खाडीचे पाणी किती खोल आहे, गाळ कोठे साचला, धक्क्याचा कोणता दगड निखळला, याची चौकशी करणारे लोक काठावर होते. वाहतूक थांबली आणि ही चौकशीही थांबली. ज्या मार्गाशी कोणाचा रोजचा संबंध उरत नाही, त्याची देखभाल अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसते.

या बाबतीत उत्तर इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरला स्वस्त कोळसा मिळू लागला. १७७० साली काम सुरू झालेला लीड्स-लिव्हरपूल कालवा १८१६ साली पुरा झाला. त्याची लांबी सुमारे २०४ किलोमीटर आहे. मग आगगाडी आली, त्यामागून मोटार आली आणि कालव्यांचा धंदा बसला. पेनाइन डोंगर ओलांडणारा हडर्सफील्डचा अरुंद कालवा १९४४ साली अधिकृतपणे सोडून देण्यात आला. तो कायमचा बुजून जायचा. पण स्वयंसेवकांनी आणि स्थानिक संस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २००१ साली तो पुन्हा खुला झाला. आज या कालव्यांतून जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट बोटी ताशी चार मैलांच्या मर्यादेत जातात. कोणी त्यांत सुटी घालवतो, कोणी त्यांतच घर करतो. बोटीचा मालक परवाना-शुल्क भरतो. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालव्यांचा कारभार एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहे. शुल्काने सगळा खर्च भागत नाही, सरकारी अनुदान लागतेच. तरीही कालव्याला वाली मिळाला, तो वापरणाऱ्यांमुळे मिळाला.

आपल्याकडे खाडी निसर्गाने दिली, ती खणावी लागली नाही. म्हणूनच बहुधा ती फुकट आहे आणि तिला खर्च नाही, असा आपला समज झाला. देवबागला जाऊन पाहावे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलीत माणसांची घरे. या पट्टीला दोन्हीकडून धूप लागली आहे. वाळू कोठून, किती आणि कशी काढावी, कांदळवन कोठे राखावे, हे प्रश्न तेथे निव्वळ पर्यावरणाचे नाहीत, ते घरादाराचे आहेत. गाळ काढण्याच्या नावाखाली वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर नौका चालतील, पण काठ उरणार नाही.

तारकर्लीच्या खाडीत राज्याच्या पर्यटन महामंडळाने केरळच्या धर्तीवर हाऊसबोटी आणल्या होत्या. कल्पना चांगली, परंतु केरळकडून आणखी दोन धडे घ्यावयास हवेत. हाऊसबोटींची गर्दी झाली की पाणी घाण होते, हे वेंबनाड सरोवराने दाखवले. आणि पर्यटकांच्या नौकांबरोबर सामान्य माणसाची प्रवासी बोटही चालू शकते, हे तेथील राज्य जलवाहतूक खात्याने आणि २०२३ साली सुरू झालेल्या कोचीच्या जलमेट्रोने दाखवले. आपल्या वेंगुर्ल्यातही उदाहरण आहे. मांडवी खाडीत मच्छीमार समाजातील बचत गटाच्या महिला स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांच्या पोटाचा संबंध त्या झाडांशी जडल्यावर झाडांची राखण कोणी करावी, हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत रत्नागिरीकडील दाभोळ आणि जयगड या खाड्या आहेत. सिंधुदुर्गाने दिल्लीच्या यादीची वाट पाहत बसू नये. खाडीत धंदा करणाऱ्या प्रत्येक यांत्रिक नौकेकडून माफक शुल्क घ्यावे आणि ते त्याच खाडीच्या धक्क्यांवर, खुणांच्या काठ्यांवर आणि काठ राखण्यावर खर्च व्हावे. त्याचा हिशेब दरवर्षी काठावरच्या ग्रामसभांपुढे ठेवावा. होडीवाल्याच्या वल्ह्यावर मात्र कर नको. सुरक्षिततेत तडजोडही नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून बळी गेले, ते आपण विसरता कामा नये. आणि जेथे पुलाचा वळसा मोठा आहे, तेथे शाळेच्या व बाजाराच्या वेळी एखादी तर पुन्हा चालवून पाहावी.

यात तोटा येईल, असा आक्षेप घेतला जाईल. येईलही. पण डांबरी रस्ता दरवर्षी पावसात वाहून जातो, त्याला आपण तोटा म्हणत नाही. त्याला देखभाल म्हणतो. खाडीच्या वाट्यालाही तोच शब्द यावा, एवढीच मागणी आहे. तसे झाले, तर माझ्या त्या दुसऱ्या प्रश्नावर कधी तरी वर्गात एखादा हात वर होईल.