करवत हलावी की ओंडका?

बदलापूर गावात एखादे जुने आंब्याचे झाड पाडले की पुढे त्याचे काय होते, हे कोणालाही आपल्या दारातून पाहता येते. सकाळी ठेकेदाराची माणसे साखळीची करवत घेऊन येतात. आधी फांद्या उतरवतात, मग खोडाचे दोन-अडीच फुटांचे तुकडे पाडतात आणि दुपारपर्यंत टेम्पो भरून निघून जातात. साठ-सत्तर वर्षे वाढलेले खोड अर्ध्या दिवसात सरपण होते. एवढ्या आखूड तुकड्यांतून सुताराच्या कामाची फळी निघत नाही. मालकाच्या हाती बहुधा काही पडत नाही. उलट जागा मोकळी करून दिल्याबद्दल त्यालाच पैसे मोजावे लागतात.

कुळगावकडे इमारती वाढल्या तशी गावातली परसेही मोडू लागली आणि हे दृश्य नेहमीचे झाले. ते पाहूनच माझ्या पुतण्याच्या मनात फिरत्या करवत गिरणीचा विचार आला. झाड जिथे पडले तिथे यंत्र न्यायचे, ओंडका जागेवरच चिरायचा, फळ्या वाळवून विकायच्या. त्याने नोकरीतली सारी शिल्लक त्यात घालायची आणि उरलेल्या रकमेसाठी घर तारण ठेवायचे असे ठरवले होते. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांवर काम केले, म्हणून हिशेब तपासायला तो माझ्याकडे आला. यंत्र कोणते घ्यावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. चौकशी करत गेलो तेव्हा दिसले की त्याच्या अलीकडे एक प्रश्न उभा आहे : करवतीने ओंडक्याकडे जायचे, की ओंडक्याने करवतीकडे यायचे?

आपल्या भागात करवतच ओंडक्याकडे जात असे. लाकूडकाम इथे नवे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर कल्याणच्या खाडीवर जहाजबांधणीला सुरुवात झाली. त्या काळी जाड ओंडका उचलून दूर नेणे हेच सर्वांत कठीण काम होते. म्हणून खड्ड्यावर किंवा लाकडी घोडीवर ओंडका चढवायचा, एक माणूस वर आणि एक खाली उभा राहायचा, आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. घर बांधायचे असेल तर हे चिरणारे दारात येऊन मुक्काम करत आणि काम संपले की पुढच्या गावी जात.

वाफेची आणि पुढे विजेची गिरणी आली तशी करवत एका जागी बसली. आता ओंडका हलू लागला. मुंबईतले लकडी बंदर आणि गावोगावच्या लाकडाच्या वखारी या व्यवस्थेच्या खुणा आहेत. आमच्या शेजारी अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. तिथे लाकूड करवतीने न चिरता, मऊ लाकडाचा ओंडका फिरवत पात्याने त्याचा पातळ पापुद्रा सोलून काढत. आगकाडीच्या कामाला तीच पद्धत लागते. उल्हासनगरचा फर्निचर बाजार तर सर्वांना माहीत आहे. म्हणजे लाकूड घेणारे हात आमच्या आसपास पूर्वीपासून आहेत. गावातल्या परसातले झाड मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

फिरती गिरणी ही अडचण दूर करते, असे सांगितले जाते. अमेरिकेतील इंडियानापोलिसमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या वूड-मायझर कंपनीने अरुंद पट्टीच्या करवतीची अशी यंत्रे जगभर पोचवली. रचना सोपी आहे. जमिनीवर लोखंडी रूळ असतात, त्यांवर ओंडका स्थिर ठेवायचा. दोन चाकांवर ताणलेली दातेरी पोलादी पट्टी आडवी फिरत असते आणि तिचे डोके रुळांवरून ओंडक्यातून पुढे ढकलायचे. एक फळी सुटली की डोके हवे तेवढे खाली घ्यायचे आणि पुन्हा तेच. दुसरा प्रकार साखळी-करवतीला चौकट जोडून केलेला. तो स्वस्त, खांद्यावरून नेता येतो, पण हळू चालतो आणि लाकूड फार खातो. तिसऱ्या प्रकारात वर्तुळाकार पाते असते; ते धारेला सोपे, पण जाड.

करवत लाकूड किती खाते, यावर या धंद्याचा मोठा भाग उभा आहे. एक फूट जाडीचा, चारी बाजूंनी सपाट केलेला ठोकळा घ्या आणि त्याच्या २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडा. अरुंद पट्टी प्रत्येक कापाला साधारण २ मिलिमीटर लाकूड खाते. तिच्याने ११ फळ्या निघतात. ६ मिलिमीटर खाणाऱ्या वर्तुळाकार पात्याने १० निघतात. साखळी ९ मिलिमीटर खात असेल तर ९. ठोकळा तोच आणि मेहनतही तेवढीच, तरी दोन फळ्यांचा भुसा झाला. मात्र अरुंद पट्टीला सतत जपावे लागते. तिची धार आणि दातांचा उलटसुलट कल एकसारखा नसेल तर ती लाकडात लाटेसारखी वरखाली होते, आणि अशी फळी रंध्याखाली सपाट करताना वाचवलेले सगळे लाकूड जाते. परसातल्या झाडात तर खिळे, झोक्याच्या कड्या, कपडे वाळवायच्या तारा रुतलेल्या असतात. एक खिळा लागला की पट्टी गेली. म्हणून यंत्राच्या यादीत धातू शोधणारे साधन पहिल्याच ओळीत हवे.

दुसरे, आकाराची मर्यादा. लहान फिरत्या यंत्रात साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका मावतो. जुन्या आंब्याचा घेर दहा फूट असला तर व्यास ९७ सेंटिमीटर भरतो. म्हणजे जे झाड वाचवावेसे वाटते, नेमके तेच यंत्रात बसत नाही. ते आधी साखळीने उभे दुभागावे लागते. शिवाय दहा फूट लांबीचा तो ओंडका काही टन वजनाचा असतो. तो रुळांवर चढवायला क्रेन बोलवावी लागलीच, तर तीच क्रेन त्याला ट्रकवरही चढवू शकते. फिरत्या यंत्राचा मुख्य फायदा इथे बराचसा संपतो.

आता मोजमाप. लाकूडबाजारात गोल ओंडक्याचे घनफूट काढताना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. सहा फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल तर दीडचा वर्ग गुणिले दहा, म्हणजे साडेबावीस घनफूट. भूमितीने त्याच ओंडक्याचे खरे घनफळ सुमारे २८.६ घनफूट येते. बाजाराच्या पद्धतीत साधारण साडेएकवीस टक्के लाकूड आधीच वजा झालेले असते. साल, कडा आणि भुसा यांत जाणारा तो भाग. मात्र या ओंडक्यातून पूर्ण चौकोनी ठोकळा काढला तर तो सव्वाअठरा घनफुटांच्या आसपासच भरतो, आणि फळ्या पाडताना त्यातूनही भुसा जातो. सालीकडच्या अरुंद फळ्या, रिपा, पट्ट्या विकता आल्या तरच साडेबावीसचा आकडा जवळ येतो. पुतण्याने खरेदी आणि विक्री दोन्हीकडे साडेबावीसच धरले होते. त्याच्या वहीतला नफा मुख्यतः त्या ओळीत होता.

यानंतर येते ते शिकणे. ओंडका चिरणे म्हणजे पहिला काप कुठे घ्यायचा ते ठरवणे. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे आक्रसते. त्यामुळे सरळ एकावर एक काप घेतले तर मधल्या फळ्या बऱ्यापैकी सपाट राहतात आणि बाजूच्या पन्हाळीसारख्या वळतात. ओंडक्याचे चार भाग करून वलयांना आडवे काप घेतले तर फळी स्थिर राहते, पण वेळ जास्त लागतो आणि फळ्या अरुंद निघतात. गाभ्याचा मधला भाग हमखास तडकतो. तो फळीत ठेवायचा नाही.

प्रत्येक झाडाचा स्वभावही निराळा. आंब्याचे लाकूड पाडल्यावर लवकर चिरले नाही तर बुरशीने निळे-काळे पडते आणि भुंगा लागतो. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ, दारे-खिडक्यांना उत्तम. जांभूळ पाण्यात टिकते, म्हणून विहिरीच्या तळाला त्याची चौकट घालत. पण वाळताना ते फाटते आणि पिळवटते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले ते फळासाठी. लाकूड विकणाऱ्याने त्यावर विसंबू नये. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होतात, जे सरपणातही कोणी मोजत नाही. कोणते लाकूड कोणत्या कारागिराला लागते हे माहीत असले, तरच त्याला सरपणापेक्षा जास्त भाव येतो.

चिरलेली ओली फळी हा अर्धाच माल आहे. सुताराला ती वाळलेली हवी. भारतीय मानक ब्युरोने लाकूड सुकवण्यासाठी आयएस ११४१ आणि त्यातल्या ओलाव्याच्या मर्यादेसाठी आयएस २८७ ही मानके ठरवून दिली आहेत. आयएस २८७ मध्ये देशाचे हवामानानुसार चार विभाग केले आहेत, कारण कोकणात वाळलेली फळी आणि विदर्भात वाळलेली फळी यांच्यातला ओलावा सारखा नसतो. घरगुती रीत साधी आहे : फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण लावायचे, दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या, वर छप्पर, खालून वारा. आमच्याकडे पावसाचे चार महिने हे वाळणे जवळजवळ थांबते. तेवढा काळ भांडवल थप्पीत अडकून राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र दरमहा येतो.

शिवाय थप्पी कुठे रचायची? बदलापूर गाव उल्हास नदीच्या काठचे. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, तेव्हाही नदीकाठचा सखल भाग बुडाला होता. स्वस्त मोकळी जागा नेमकी त्याच बाजूला मिळते.

शेवटचा आणि सर्वांत जड मुद्दा कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन तिरुमुलपाद प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २००२ मध्ये, केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नव्या करवत गिरण्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश झाला. २०१६ मध्ये केंद्राने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे आला. लाकडाची उपलब्धता आणि जंगलापासूनचे अंतर त्यात पाहिले जाते. गिरणीचा परवाना ठरावीक जागेचा असतो. गिरणी हलवायची तर पुन्हा परवानगी. आज इथे आणि उद्या तिथे चालणाऱ्या करवतीवर कोणाला नजर ठेवता येत नाही, आणि चोरटी तोड करणाऱ्याला तीच सोयीची. माथेरान-चंदेरीच्या डोंगरांखाली राहणाऱ्या माणसाला ही भीती समजते. यंत्राला चाके आहेत म्हणून नियमातून सुटका होईल, असे गृहीत धरून कर्ज काढणे धोक्याचे आहे. वन विभागाचे उत्तर लेखी हातात येईपर्यंत यंत्राची आगाऊ रक्कम भरू नये.

झाडाचे नियम आणखी वेगळे. नगरपालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागतो आणि तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. हद्दीबाहेर १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, जांभूळ आणि चिंचही आहे. लाकूड वाहून नेण्याचा परवाना लागतो की नाही, हे प्रजातीवर अवलंबून असते. दुसऱ्याच्या परसातले झाड घेणाऱ्याने तोडीच्या परवानगीची प्रत आधी पाहावी, भाव नंतर बोलावा.

हे सगळे एकत्र ठेवले तेव्हा उत्तर मिळाले. आमच्या भागात आज करवतीपेक्षा ओंडक्याने हलावे. पुतण्याने यंत्र घेतले नाही. परवानाधारक गिरणीत मजुरी देऊन ओंडके चिरून घ्यायचे असे त्याने ठरवले. पैसे घातले ते पुराच्या रेषेवर भाड्याने घेतलेल्या छपरात, ओलावा मोजायच्या साधनात आणि धातू शोधायच्या साधनात. ठेकेदाराशी त्याचा एकच आग्रह असतो : खोड दोन फुटांवर तोडू नका, आठ फुटांवर तोडा. सरपणाच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले की ते ऐकतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळशाऐवजी स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. सरपणाचे एक मोठे गिऱ्हाईक त्यामुळे कमी होईल असे दिसते, आणि त्याच्या बोलणीला ते उपयोगीच आहे.

गिरणीत तो ओंडक्याशेजारी उभा राहून पहिला काप कुठे घ्यायचा ते सांगतो. कधी मिस्त्री ऐकतो, कधी त्यालाच समजावतो. हे शिकणे मजुरीच्या पैशात होते आहे. तीन पावसाळ्यांच्या थप्प्या वाळवून, विकून, वही जुळली, तर यंत्राचा विचार पुन्हा करावा, असे मी त्याला सांगितले आहे. तोवर घराचे कागद कपाटातच राहू द्यावेत.