शालेय वर्गखोल्यांतील वायुवीजन
वर्गखोलीतील दूषित हवा बाहेर जाऊन तिच्या जागी ताजी हवा येण्याच्या क्रियेस वायुवीजन म्हणतात. उच्छ्वासाच्या हवेत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्यामुळे भरलेल्या बंद वर्गात त्याचे प्रमाण वाढत जाते. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये त्यासाठी दहा लाख भागांत १,००० भाग ही मर्यादा सुचवली.

हवेच्या दाबाचे कार्य
हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. वारा ज्या भिंतीवर आदळतो तेथे दाब वाढतो व विरुद्ध बाजूस घटतो; म्हणून समोरासमोरील खिडक्या उपयुक्त ठरतात. आतील हवा बाहेरच्यापेक्षा उष्ण असल्यास ती वरच्या झरोक्यांतून निघून जाते व खालून ताजी हवा येते. छताचा पंखा हवा केवळ फिरवतो, बदलत नाही.

मुकुटबन परिसर
यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन परिसरात कोळसा व चुनखडीचे साठे असून सिमेंट कारखानाही आहे. खाणी, कारखाने व अवजड वाहतूक असलेल्या भागांत खिडक्या उघडल्यास धूळ आत येऊ शकते आणि बंद ठेवल्यास हवा कोंदट होते. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याने वर्गातील दाब घटून फटींतूनही धूळ ओढली जाते; गाळलेली हवा आत सोडल्यास दाब किंचित वाढून धूळ बाहेर राहते. अशी सोय नसल्यास मधल्या सुटीत, धूळ कमी असताना, खिडक्या उघडणे हितावह असते.