पानावरचा चिकटा : कारण आणि उपाय

वसंत ऋतूत मार्कंड्यापासून चामोर्शीपर्यंत वैनगंगेकाठचे पळस फुलतात, आंब्याला कैऱ्या धरतात. आणि याच सुमारास घरोघरच्या ओसरीवरील कुंड्यांविषयी एक तक्रार ऐकू येते. जास्वंदीची पाने मध माखल्यासारखी चिकटतात, खालची फरशी चिकचिकते, मुंगळ्यांची रांग लागते आणि पुढे पानांवर काजळी धरते. पाने फडक्याने पुसली तरी चार दिवसांत पुन्हा तेच. मग कोणी म्हणतो दृष्ट लागली, तर कोणी शेतावरची जहाल औषधाची बाटली घरात आणतो. हे दोन्ही टाळावयाचे, तर आधी कारण समजून घ्यावयास हवे.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कामगारांत हिंडून. तेंदूपत्त्याची पुडकी बांधणाऱ्या बाया प्रत्येक पान उलटून पाहतात. ही सवय येथे उपयोगी पडते, कारण चिकटा वरून दिसतो आणि तो करणारा पानाच्या पाठीशी लपलेला असतो.

झाडाच्या रसात साखर पुष्कळ, पण अंग वाढविणारे नत्रयुक्त द्रव्य थोडे असते. रस शोषणाऱ्या किडीला ते पुरेसे मिळविण्यासाठी फार रस प्यावा लागतो, आणि उरलेले गोड पाणी ती बाहेर टाकते. तोच चिकटा. मुंगळे तो खातात आणि मोबदल्यात किडीच्या शत्रूंना हाकलून लावतात. काजळी ही या साखरेवर वाढणारी बुरशी होय. ती पानात शिरत नाही, पण पानाचा उजेड अडविते.

ही कीड आपल्या ओळखीच्या कुळातली आहे. पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवर लाख तयार करणारा किडा खवलेकिडीचाच भाईबंद. लाख ही त्याच्या अंगावरची राळ. पण गोड पाणी तोही टाकतो, म्हणून लाखेच्या झाडांवरही काजळी दिसते.

आता निदान. चिकट पानाच्या वरचे पान, त्याची पाठ आणि देठाचा सांधा भिंगाने पाहावा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. नखाने उचकटणारे तपकिरी ठिपके म्हणजे खवलेकीड. कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसलेले मऊ हिरवे-काळे किडे म्हणजे मावा. फांदी हलविताच उडणारे बारीक पांढरे जीव म्हणजे पांढरी माशी. काहीच सापडले नाही, तर कुंडी आंब्याखाली आहे काय ते पाहावे. तुडतुड्यांचा चिकटा वरूनही गळतो. अशी कुंडी छपराखाली न्यावी, एक पान धुऊन ठेवावे आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे. ते कोरडे राहिले, तर दोष कुंडीतल्या झाडाचा नव्हे.

उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा आहे. कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी. फार किडलेले शेंडे कापून नष्ट करावे. पानांची पाठ पाण्याच्या धारेने धुवावी. पिठ्या ढेकूण स्पिरिटच्या बोळ्याने टिपावे, खवले जुन्या मऊ ब्रशने काढावे. मग एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साधे साबण-पाणी घुसळून, आधी एका पानावर करून पाहावे. पान जळले नाही, तर संध्याकाळी सर्व झाडावर फवारावे. हे अंगाला लागलेल्या किडीवरच चालते, अंडी वाचतात. म्हणून आठवड्याने एकदा, असे तीन-चार वेळा करावे. मुंगळ्यांची वाट मोडावी. युरिया काही दिवस देऊ नये. त्याने कोवळी फूट वाढते आणि कीड पोसते. ढालकिडा दिसला तर त्याला राहू द्यावे. तो आणि त्याची पिल्ले मावा खातात.

शेवटी त्या बाटलीविषयी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या रानात हे घडले. तेच औषध बंद ओसरीवर, लेकरांच्या हाताशी, ज्या तुळशीचे पान आपण तोंडात घालतो आणि ज्या गोडलिंबाची फोडणी देतो त्यांवर मारणे म्हणजे एका जास्वंदीसाठी घर पणाला लावणे होय. काही औषधे झाडाच्या रसात भिनतात. ती धुऊन जात नाहीत. झाड फारच किडले असेल, तर ते उपटून टाकावे आणि नवी फांदी लावावी. जास्वंद फांदीपासून सहज जगते. आणि शेतावर फवारणीला मजूर लावणाऱ्यांनी हातमोजे, तोंडावरचे आच्छादन आणि अंगभर कपडे त्याला आपल्या खर्चाने द्यावे, एवढे मागणे आम्ही येथेही मांडून ठेवतो.