जुन्या मोटारीचा गंज आणि आतले कापड

कपड्याच्या धंद्यात थान उलगडल्याशिवाय सौदा होत नाही. वरच्या दोन घड्या पाहून माल उचलणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. हे ठाऊक असूनही २०१९ साली आम्ही दहा वर्षे वापरलेली एक मोटार नुसता रंग पाहून घेतली. गाडी रत्नागिरीकडची, खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली. रंग मात्र कोरा करकरीत. पहिल्याच पावसात पायाखालची चटई भिजली. ती उचलली तर तळाच्या पत्र्याला बोट जाईल एवढे भोक! दरवाजाखालच्या पट्टीत तर पत्रा नावालाच, बाकी सगळी पुट्टी.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. त्यात मीठ असले की तो फार वेगाने पसरतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून वरचा रंग फुगतो. हा रोग बहुधा आतून बाहेर येतो. काचेच्या रबराजवळून दरवाजात पाणी जातच असते. ते निघून जावे म्हणून दरवाजाच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. चिखलाने आणि पाल्याने ती बुजली की पाणी आतच मुरते. वर्षातून एकदा काडीने ती साफ करावीत, खर्च शून्य.

गाडी घेण्यापूर्वी एक लहान चुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानी, दरवाजांच्या खालच्या कडा यांवरून फिरवावा. पत्र्यावर जिथे तो धरत नाही तिथे जाड पुट्टी आहे असे समजावे. चटई आणि डिकीतली स्टेपनी उचलायला लावावी. विकणारा कां कूं करू लागला तर आपणही बयाना खिशातच ठेवावा.

दरवाजाखालचा पोकळ भाग, सीटबेल्टचे बोल्ट बसतात ती जागा, सस्पेन्शनचे जोड, यांवर गाडीचा आणि आतल्या माणसांचा भार असतो. इथे पुट्टी भरणे म्हणजे जिवाशी खेळ. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, म्हणून सीओटू वेल्डिंग करणारा कारागीर शोधावा. त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडवाव्यात, सीटा आणि चटई बाहेर काढावी, पेट्रोलची नळी जवळून जाते का ते पाहावे.

गंज वरवरचा असेल तर पत्रा चकाकेपर्यंत घासावा, खाचांत राहिलेल्या गंजावर गंजनाशक लावावे, धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. पुट्टी पाणी शोषते. ती उघड्या पत्र्यावर नव्हे, प्रायमरवर, आणि पातळच हवी. पोकळ भागात आतून मेणाचे तेल फवारणे हे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गॅरेजवाले ते हटकून गाळतात. आठवण करून द्यावी. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

आता आमच्या हद्दीतली गोष्ट. चटईखालचा नमदा पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा वाटतो आणि खाली पत्रा खातो. कुबट वास येत असेल तर तो फेकून नवा घालावा. सीटचे कापड बहुधा ड्रायव्हर चढतो-उतरतो त्या कडेला फाटते. तेवढीच पट्टी बदलता येते, सगळी सीट उसवायचे कारण नाही. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा घ्यावा. सुती दोरा घामाने आणि दमटपणाने कुजतो. कापडाचा नमुना अर्धा झाकून पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवावा. दोन्ही बाजू सारख्या राहिल्या तरच मीटर मोजावे. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथे साधे कव्हर चढवू नये, ती अडकते. छताचे कापड लोंबते ते आतल्या फोमचा भुगा झाल्यामुळे. त्याच भुग्यावर पुन्हा गोंद लावला की दोन महिन्यांत कापड परत डोक्यावर. भुगा पुरता खरवडून फोम लावलेले नवे कापड चिकटवावे.

आमच्या गाडीच्या तळाला आणि पट्टीला आठ दिवस लागले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज दुपारी गॅरेजात जाऊन बसत होतो. कापलेला पत्रा आणि वेल्डिंग डोळ्यांनी पाहिल्याखेरीज प्रायमरचा डबा उघडू दिला नाही. मिस्त्री पहिले दोन दिवस वैतागला, मग चहा मागवू लागला.