पहा सापा : चुनखडीच्या दरींतील सायकलवाटा

गेल्या वर्षीं भाद्रपदांत आम्ही उभयतां अमेरिकेंतील साउथ डकोटा राज्यांत पुतण्याकडे जाऊन राहिलों होतों. एका रविवारीं पहांटे उठून, दशम्या व लोणचें बांधून घेऊन, मोटारीच्या पाठीमागें दोन सायकली टांगून तो आम्हांस स्पिअरफिश गांवाच्या दक्षिणेस बिग हिलच्या रानांत घेऊन गेला. तेथील सायकलवाटांची स्तुति तो महिनाभर करीत होता. वाटेच्या तोंडाशीं उतरून त्यानें बुटाच्या टांचेनें माती दाबून पाहिली. टांच अर्धा इंच रुतली. तो म्हणाला, “काका, आज परत जायचें.” रात्रीं पाऊस पडून गेला होता, परंतु आतां आभाळ निवळलें होतें, ऊन चांगलें पडलें होतें. इतक्या लांब येऊन परत फिरणें हा आम्हांस निव्वळ भित्रेपणा वाटला, व तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. दशम्या मोटारींत बसूनच खाल्ल्या. तो कां परतला हें उमजण्यास आम्हांस पुढचे आठ दिवस लागले.

या डोंगरांस इंग्रजींत ब्लॅक हिल्स म्हणतात. मूळच्या लाकोटा लोकांच्या भाषेंत त्यांचें नांव ‘पहा सापा’. पहा म्हणजे टेकडी, सापा म्हणजे काळी. (मराठी कानास मात्र तें ‘पहा’ असें आमंत्रणच ऐकूं येतें.) पाँडेरोसा पाइनच्या दाट झाडीमुळें हे डोंगर दुरून काळे दिसतात. आपल्या नीलगिरीसारखाच हा प्रकार. डोंगरांच्या पोटांत ग्रॅनाइट आहे, आणि त्याच्या भोंवतीं चुनखडीचें कडें आहे. भूस्तरशास्त्रज्ञांनीं या चुनखडीसहि ‘पहासापा’ हेंच नांव दिलें आहे. सुमारें ३५ कोटि वर्षांपूर्वीं येथें उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशीं सांचलेल्या शिंपल्यांचा व चुन्याचा हा दगड. पुढें जमीन घुमटासारखी वर उचलली गेली आणि ओढ्यांनीं ती कापावयास आरंभ केला. स्पिअरफिश ओढ्यानें कापलेली दरी सुमारें वीस मैल लांब आहे, व कांहीं ठिकाणीं तिच्या भिंती हजार फुटांपर्यंत उंच आहेत. तळाशीं तपकिरी थर, त्यावर जांभळट गुलाबी पट्टा, आणि माथ्यावर भुऱ्या चुनखडीचा प्रचंड कडा. दरींतून आतां मोटारींची सडक जाते. सायकलवाटा आहेत त्या बहुतेक वर, पठारावरील रानांत. पाइनबरोबर तेथें स्प्रूस, बर्च व ॲस्पेन हीं झाडें आहेत. ॲस्पेनचें पान आपल्या पिंपळासारखें, वारा नसतांहि थरथरतें.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसास चुनखडीचा स्वभाव लवकर कळत नाहीं. आपल्याकडे पावसाचें पाणी कातळावरून डोळ्यांदेखत धांवत खालीं येतें. चुनखडी तें गिळते. हवेंतील व मातींतील कर्बाम्ल पाण्यांत मिसळून तें किंचित् आंबट होतें, आणि असें पाणी हा दगड हळूहळू विरघळवितें. या डोंगरांतले कित्येक ओढे चुनखडीच्या पट्ट्यावर आले कीं फटींतून नाहींसे होतात आणि पुढें कोठें तरी झऱ्याच्या रूपानें वर येतात. अंतर्वाहिनी सरस्वतीची आठवण व्हावी असाच हा देखावा आहे. याच दगडांत ज्यूएल केव्ह नांवाची गुहा आहे. तिची मोजलेली लांबी २०० मैलांच्या वर गेली आहे, आणि मोजणी अद्यापि संपलेली नाहीं. आतां आमच्या विषयाशीं याचा संबंध असा, कीं चुनखडी विरघळून गेली म्हणजे मागें उरते ती चिकणमाती. ती वाळली कीं विटेसारखी टणक, आणि भिजली कीं चाकास लिंपून बसणारी.

सायकलीविषयीं थोडक्यांत सांगूं. आम्ही ज्या सायकलीवरून तीस वर्षें शाळेंत गेलों तिचें टायर दीड इंचाचें होतें. डोंगरी सायकलीचें टायर दोन इंचांहून रुंद, खांचाखांचांचें, व हवा कमी भरलेलें असतें. हा खेळ फार जुना नाहीं. कॅलिफोर्नियांत टॅमलपायस पर्वताजवळच्या एका उतारावर १९७६ साली कांहीं तरुणांनीं जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत लाविली. उतरतांना ब्रेक इतके तापत कीं चाकाच्या हबमधील ग्रीस जळून धूर निघे, आणि दर खेपेस तें नव्यानें भरावें लागे. पुढल्याच वर्षीं त्यांतील जो ब्रीझ यानें मुद्दाम डोंगरासाठीं सायकल बांधली. १९९६ साली अटलांटा येथें हा खेळ ऑलिंपिकांत शिरला. स्पिअरफिश येथें २००१ पासून पन्नास मैलांची शर्यत भरूं लागली. डोंगराळ गांवाच्या जत्रेचें स्वरूप तिला आहे.

पण सायकलीपेक्षां वाटेचेंच शास्त्र आम्हांस अधिक मोलाचें वाटलें. ही वाट म्हणजे रानांतून जाणारी हात-दीड हात रुंदीची पट्टी. डोंगराच्या कुशींत ती आडवी खणावयाची, आणि तिची उताराकडील कड किंचित् खालीं ठेवावयाची, म्हणजे पाणी वाट ओलांडून जाईल, वाटेनें वाहणार नाहीं. वाटेचा चढ डोंगराच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, आणि सरासरीनें शंभरांस दहाच्या वर जाऊं नये. मधून मधून वाट थोडी खालीं उतरवून पुन्हां वर घ्यावी, म्हणजे सांचूं पाहणारें पाणी त्या खोलगटांतून बाहेर पडतें. बांधास ताल घालणारा आपला शेतकरी हें न शिकवितां जाणतो. एवढी काळजी घेतल्यावरहि ओल्या मातींतून एक चाक गेलें तर चर पडतो. त्याला आपल्या भाषेंत फार नेमका शब्द आहे: चाकोरी. ऊन पडलें कीं ती चाकोरी विटेसारखी भाजून निघते. पुढच्या पावसाचें पाणी वाट ओलांडण्याऐवजीं तिच्यांतून धांवतें. आणि एका वर्षांत वाटेचा ओहोळ होतो. वाट दुरुस्त करणारे बहुधा गांवचेच सायकलस्वार असतात. सुटीच्या दिवशीं कुदळ, फावडें, करवत घेऊन जाणारे. आमच्या पुतण्यानेंहि असे कित्येक रविवार घालविले आहेत. एका सकाळच्या मौजेनें त्यांतले चार रविवार तरी फुकट गेले असते. हें त्यानें आम्हांस त्या दिवशीं सांगितलें नाहीं, काकूपाशीं सांगितलें.

हिंवाळ्यांतहि हाच प्रश्न असतो. तेथें शिनूक नांवाचा ऊन वारा अकस्मात् सुटतो. २२ जानेवारी १९४३ रोजीं सकाळीं स्पिअरफिश येथें फॅरनहाइटचा पारा शून्याखालीं ४ अंशांवरून दोन मिनिटांत ४५ अंशांवर चढला. असा वारा सुटला कीं गोठलेली वाट पाहतां पाहतां चिखल होते.

आमच्यासारख्यांसाठीं दुसरी सोय आहे. डेडवुडपासून एजमाँटपर्यंत १०९ मैलांची जुनी आगगाडीची वाट १९९८ साली सायकलींसाठीं पुरी झाली. तीस मिकेलसन ट्रेल म्हणतात. तिच्यावर चार बोगदे व शंभरांहून अधिक पूल आहेत, चढ बहुतेक चार टक्क्यांच्या आंत, आणि पृष्ठभाग खडीचा व कुटलेल्या चुनखडीचा. पावसाच्या दुसऱ्या दिवशींहि तिच्यावरून जातां येतें. आम्ही नऊ मैल गेलों व परत आलों. गुडघे दोन दिवस बोलत होते.

पुतण्याशीं आमचा खरा वाद झाला तो निराळ्या गोष्टीवरून. या डोंगरांत ब्लॅक एल्क नांवाचें सुमारें तेरा हजार एकरांचें निर्भेळ अरण्य राखलेलें आहे. १९६४ च्या कायद्यानें अशा अरण्यांत यांत्रिक वाहनास बंदी आहे, व त्यांत सायकलहि येते. घोड्यास मुभा आहे. पुतण्या म्हणे, घोड्याचा खूर माझ्या टायरपेक्षां अधिक माती उखडतो, मग हा पंक्तिप्रपंच कां? त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. तरी कोठें तरी चाक जाऊं नये, असें आमचें मत होतें व आहे.

वाद रंगांत आला असतां त्याचा एक लाकोटा मित्र तेथें बसला होता. तो कांहींच बोलला नाहीं. मागाहून इतिहास वाचला तेव्हां आम्ही दोघे कोणाच्या जागेविषयीं भांडत होतों हें ध्यानांत येऊन लाज वाटली. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहानें हे सारे डोंगर सू राष्ट्रासाठीं राखून ठेविले होते, लाकोटा त्यांतलेच. १८७४ साली कस्टरच्या तुकडीबरोबरच्या लोकांस येथें सोनें सांपडलें, आणि १८७७ साली कायदा करून डोंगर काढून घेण्यांत आले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही भूमि योग्य मोबदल्यावांचून घेतली गेली असें ठरवून, व्याजासह दहा कोटि डॉलरांहून अधिक भरपाई कायम केली. त्या लोकांनीं ती घेतली नाहीं. भूमि विकावयाची नव्हतीच, असें त्यांचें म्हणणें. रक्कम सरकारी खजिन्यांत व्याजानें वाढत शंभर कोटींच्या पुढें गेली आहे. बेअर ब्यूट या त्यांच्या पवित्र टेकडीवर झाडांस रंगीत फडकीं बांधलेलीं असतात. त्यांस हात लावूं नये, त्यांचीं छायाचित्रें घेऊं नयेत अशी विनंति तेथें केलेली आहे. १११ मैलांची सेंटेनिअल ट्रेल त्याच टेकडीपाशीं सुरू होते. नवसाचीं फडकीं आम्हांस अनोळखी नाहींत. आम्ही जोडे काढून थोडा वेळ उभे राहिलों, एवढेंच.

पुढल्या रविवारीं पुन्हां बिग हिलला गेलों. पुतण्यानें टांच दाबली, माती वाजली. पहिले दोन मैल रुंद, गवताळ वाट होती. तेथें आम्हीहि त्याच्या मागून चाललों. पाइनच्या सालीस ऊन लागलें कीं व्हॅनिलासारखा वास येतो, तो सगळीकडे भरून राहिला होता. एका वळणावर स्प्रूसच्या दाट सावलींत चार हात माती अजून ओली होती. पुतण्या उतरला, सायकल खांद्यावर घेतली, आणि दगडांवरून पाय टाकीत पलीकडे गेला. आम्हीहि उतरलों.