गोवराच्या नांग्या वेळीच भरा

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याविषयी बोलतो. आज लहान मुलांविषयी बोलायचे आहे. पण हिशेब आपल्या ओळखीचाच आहे.

तोडणीचा प्रोग्रॅम लावताना आम्ही नुसती लागणीची तारीख पाहत नाही. फडात शिरून चार-सहा ठिकाणचे ऊस घेतो, ब्रिक्स बघतो. लागण कधी झाली ते नोंदवही सांगते. साखर किती भरली ते रसच सांगतो. लसीचेही तसेच. रजिस्टरात 'लस दिली' अशी खूण असते. मुलाच्या अंगात गोवराशी लढण्याची ताकद आली का, ते मात्र रक्त सांगते.

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतील मुलांना, आधी लस झालेली असो वा नसो, एक डोस दिला गेला. तिचा उपयोग किती झाला हे पाहण्यासाठी देशातले चार जिल्हे निवडले होते : आपल्याकडचा पालघर, उत्तर प्रदेशातला कानपूर नगर, पंजाबातला होशियारपूर आणि आसामातला दिब्रुगड. मोहिमेआधी आणि नंतर, दोन्ही वेळा अडीच हजारांवर मुलांचे रक्त घेऊन त्यातली प्रतिपिंडे मोजली. संरक्षण वाढलेले दिसले. पण मोहीम सगळीकडे सारखी पोचली नव्हती. दिब्रुगडला सुमारे ९० टक्के मुलांना लस मिळाली, तर कानपूर नगरला ७४ टक्क्यांच्या आसपास.

या तपासणीलाही मर्यादा आहे. ताकद लसीने आली की गोवर होऊन गेल्याने आली, हे रक्त सांगत नाही.

आता साधा हिशेब करू. गावात १,००० मुले आहेत. त्यातल्या ९०० जणांना नवव्या महिन्याचा डोस मिळाला. हा एक डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच लागू पडतो. म्हणजे ७६५ मुले सुरक्षित, २३५ उघडी! कागदावर मात्र ९० टक्के. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांचा दुसरा डोस हवाच. पहिला लागू न पडलेल्यांपैकी बहुतेकांना तो तारतो. गोवर इतका झपाट्याने पसरतो की, त्याला थोपवायला ९५ टक्के मुले सुरक्षित असावी लागतात.

सरासरीनेही फसू नये. एकरात पाच टक्के नांग्या सगळीकडे विखुरल्या तर पीक सांभाळून घेते. त्या एकाच कोपऱ्यात पडल्या तर तिथे तणच माजते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावला गोवर पसरला, काही मुले दगावली. दाट वस्ती आणि लसीचे अपुरे डोस, असाच तो कोपरा होता. शिवाय मोहिमेनंतर जन्मलेली मुले ही नवी लागण आहे. जुन्या मोहिमेचा त्यांना उपयोग नाही.

आपला कोपरा कोणता? शेळगावच्या शिवारात हंगामात टोळ्या उतरतात, तो. बीड, अहिल्यानगरकडून निघताना डोसाची तारीख हुकते, कार्ड घरी राहते. मागे एका कोपीपाशी मी विचारले तेव्हा मुलाची आई म्हणाली, "साहेब, तिकडं दिली व्हती एक सुई. दुसरीच्या टायमाला आम्ही हिकडं फडात." त्या माउलीची चूक नाही. आपण बोलावून आणतो, तर विचारपूसही आपणच करायची.

गोवर 'येऊन गेलेला बरा' हा समज सोडा. त्यातून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळेही जातात. ताप-पुरळ दिसताच निंबाच्या पाल्यावर न थांबता दवाखाना गाठा; तिथे जीवनसत्त्व 'अ'चा डोसही देतात.

सभासदांनी एवढेच करावे. टोळी उतरली की त्याच आठवड्यात आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला कळवावे. मुकादमाला सांगून लसीच्या दिवशी आईला अर्धा दिवस मोकळा द्यावा, मजुरी न कापता. कार्ड नसले तरी लस मिळते, कोणत्याही गावची असली तरी मिळते, फुकट मिळते. चुकून एक डोस जादा झाला तरी अपाय नाही. आणि स्वतःच्या घरातल्या पोरांची कार्डेही आज रात्रीच काढून बघावीत.

नांग्या वेळेत भरल्या तरच साधतात. उशिरा लावलेले रोप मोठ्या उसाखाली दबून जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.